उतरवायच्या बोलीवर: रस्त्यावरची तात्पुरती कला चालते कशी

रंगपंचमी जवळ आली की नाशिकच्या जुन्या गावठाणातले काही चौक खणले जातात. तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा. वर्षभर ज्या जागेवरून रिक्षा, हातगाड्या, दुचाकी जातात तिथली माती बाजूला होते, खालचे लाकडी ओंडके निघतात आणि पेशवेकाळापासूनची रहाड, म्हणजे जमिनीतला दगडी हौद, उघडी पडते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मानकरी ठरलेले, पूजा ठरलेली. पंचमीला लोक तिच्यातल्या रंगाच्या पाण्यात धप्पे, म्हणजे उड्या मारतात, अख्खा चौक रंगून निघतो. मग पुन्हा ओंडके, पुन्हा माती, पुन्हा वाहतूक.

रस्त्यावर तात्पुरती कला आणण्यासाठी जगातली अनेक शहरं आज रीतसर योजना चालवतात. अर्ज मागवतात, करार करतात, मुदत ठरवतात. या योजनांचा गाभा रहाडीत आधीपासून आहे: सार्वजनिक रस्ता, नेमकी जागा, नेमका काळ, जबाबदार माणसं आणि काम झाल्यावर रस्ता होता तसा परत. गुढीपाडव्याच्या सुमारास गोदाघाटावर पाडवा पटांगणात काढली जाणारी महारांगोळी, गणपतीत भालेकर मैदानावर उभे राहणारे देखावे, सिंहस्थात तपोवनात वसणारं साधुग्राम, ही सगळी याच जातीची कामं. उभारणं आणि उतरवणं, दोन्ही नाशिकच्या अंगवळणी पडलेलं आहे. सणाबाहेरच्या दिवसांत, एखाद्या चित्रकाराला किंवा शिल्पकाराला हाच रस्ता काही महिन्यांसाठी कसा द्यायचा, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याची उत्तरं इतर शहरांनी पडत-झडत शोधलेली आहेत.

माझ्या मते अशा योजनेतली सगळ्यात महत्त्वाची तारीख म्हणजे काम उतरवण्याची तारीख. ती आधी ठरली की परवानगी देणाऱ्याचा हात मोकळा होतो, खर्च आवाक्यात येतो, नवख्या कलाकारालाही संधी देता येते आणि काम कुणाला आवडलं नाही तरी भांडण विकोपाला जात नाही. ती ठरली नाही की चांगलं कामही काही वर्षांत पोपडे धरतं, आणि ते कुणाचं हे सांगायला कुणी पुढे येत नाही.

खातं रस्त्याचं, काम कलेचं

न्यूयॉर्क शहराने २००८ साली असा कार्यक्रम सुरू केला तो रस्ते, पूल आणि सिग्नल सांभाळणाऱ्या परिवहन विभागातून. कारण व्यवहाराचं होतं. जागा त्याच विभागाच्या ताब्यात होत्या. पादचारी चौक, लोखंडी कुंपणं, पुलांच्या भिंती, चढावरच्या पायऱ्यांच्या गल्ल्या, सायकलमार्ग आणि गाड्या यांच्यामध्ये ठेवलेले काँक्रीटचे कठडे. कामापुरत्या बांधलेल्या या जागा काही महिने कलाकारांच्या हवाली करायच्या, असं ठरलं.

पद्धत साधारण अशी आहे. कलाकाराच्या जोडीला त्या भागातली एखादी संस्था भागीदार म्हणून असते: व्यापारी संघटना, शाळा, वस्तीत काम करणारी सामाजिक संस्था. विभाग जागा ठरवतो, परवानग्या बघतो, काही प्रकारच्या कामांना पैसेही देतो. संस्था आजूबाजूच्या लोकांशी बोलते आणि काम उभं असेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवते. कलाकार आराखडा देतो, विभागाचे अभियंते तो सुरक्षिततेच्या नजरेने तपासतात, बदल सुचवतात, मग काम उभं राहतं. मुदत जास्तीत जास्त ११ महिने. ती संपली की काम उतरवायचं आणि जागा मूळ स्थितीत आणून द्यायची. कठडे रंगवण्याचा प्रकार तर आणखी सुटसुटीत आहे: आराखडा कलाकाराचा आणि ब्रश धरायला स्वयंसेवक.

११ महिन्यांचा करार आपल्याला भाड्याच्या घरामुळे चांगलाच परिचयाचा आहे. भाडेकरू घरात राहतो, वापरतो, सजवतो, पण घर मालकाचंच राहतं आणि दोघांनाही ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. रस्त्याचंही तसंच. शहराच्या मालमत्तेवर कायमची कलाकृती बसवायची तर न्यूयॉर्कमध्ये वेगळ्या आयोगाची मंजुरी लागते, पायाचं बांधकाम येतं, पुढच्या पन्नास वर्षांची देखभाल कुणी करायची हा प्रश्न येतो. थोड्या महिन्यांच्या कामाला एवढा डोलारा लागत नाही. त्यामुळे ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा कलाकारावरही शहर विश्वास टाकू शकतं. फार तर काय होईल? काम फसेल, आणि फसलेलं काम ठरल्या दिवशी उतरेल.

तात्पुरत्या कामातून कायमचं काय मिळू शकतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण टाइम्स स्क्वेअरचं आहे. मे २००९ मध्ये ब्रॉडवे रस्त्याचा तिथला तुकडा गाड्यांना बंद करून पायी चालणाऱ्यांना दिला गेला, तोही आधी प्रयोग म्हणून. २०१० साली त्याच डांबरावर मॉली डिलवर्थ या चित्रकर्तीचं निळ्या-पांढऱ्या छटांचं भलंमोठं चित्र रंगवण्यात आलं, जवळपास ५०,००० चौरस फुटांचं. दाट वस्तीच्या भागात जमीन किती तापते याची उपग्रहाने टिपलेली माहिती त्या आकारांमागे होती आणि ऊन परावर्तित करतील असे रंग निवडले होते. आज ते चित्र तिथे नाही. चौक मात्र चालणाऱ्यांचाच राहिला आणि पुढे तिथे पक्की फरसबंदी झाली. रस्ता बंद करायला एरवी किती विरोध होतो ते आपण जाणतोच. इथे लोकांनी आधी जागा वापरून पाहिली आणि मग ती कायमची झाली.

कायमचं काम अडतं तेव्हा

उलट बाजूचं उदाहरणही न्यूयॉर्कचंच. १९८१ साली शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी तिथल्या एका सरकारी कचेरीसमोरच्या चौकात पोलादाची वाकडी भिंत उभी केली. लांबी १२० फूट, उंची १२ फूट. काम सरकारनेच मागवलेलं, कायमचं. कचेरीतल्या लोकांना चौक ओलांडायला वळसा पडू लागला, दृष्टी अडू लागली, तक्रारी वाढल्या. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. बोलायला आलेल्यांपैकी बहुतेक जण काम राहावं या बाजूचे होते, तरी निर्णय हटवण्याचा झाला. सेरा कोर्टात गेले आणि हरले. त्यांचं म्हणणं होतं की काम याच जागेसाठी घडवलेलं आहे, इथून हललं म्हणजे ते संपलं. १९८९ साली भिंतीचे तुकडे करून ती नेण्यात आली.

मला या प्रकरणात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. रोज वळसा घालणाऱ्या कारकुनाचा त्रास खोटा नव्हता आणि कलाकाराचा संतापही खोटा नव्हता. पण काम पहिल्यापासून वर्षाच्या बोलीवर असतं तर कारकुनाने वर्ष सोसलं असतं, बघणाऱ्यांनी वर्षभर डोळे भरून पाहिलं असतं आणि कुणालाच कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

आपल्याकडचं प्रकरण याहून वेदनादायी आहे आणि ते प्रत्येक महापालिकेच्या अभियंत्याला माहीत असायला हवं. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प होतं, सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच. १९६० च्या दशकापासून ते तिथे होतं. १९७९ साली नूतनीकरणात ते काढलं गेलं आणि गोदामात टाकलं गेलं. शिल्पकाराला विचारण्याचीही तसदी कुणी घेतली नाही. सेहगल लढत राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली निकाल दिला: शिल्पाचे उरलेले भाग शिल्पकाराला परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा. कलाकृती विकली गेली, पैसे चुकते झाले, तरी तिची मोडतोड करून आपली अप्रतिष्ठा होऊ न देण्याचा कलाकाराचा हक्क संपत नाही, असा त्याचा अर्थ.

म्हणून उतरवण्याचा दिवस आणि उतरवण्याची रीत दोन्ही करारात हवीत. काम कलाकार स्वतः उतरवणार की महापालिका? चित्र असेल तर त्यावर रंग फिरवायला त्याची लेखी संमती आहे का? शिल्प असेल तर सुटे भाग कुणाकडे जाणार? दोन पानांत मावणाऱ्या या गोष्टी आहेत आणि त्या न लिहिल्यामुळे सेहगल यांची कित्येक वर्षं कोर्टात गेली.

लंडनने या अडचणीतून एक सुंदर वाट काढली. ट्रॅफल्गर चौकात चार चबुतरे आहेत. चौथा १८४१ साली एका राजाच्या अश्वारूढ पुतळ्यासाठी बांधला, पण पैसे संपले आणि तो दीडशे वर्षांहून जास्त काळ रिकामाच राहिला. तिथे कुणाचा पुतळा बसवायचा यावर एकमत होणं अवघड होतं. १९९९ पासून तिथे एकामागून एक तात्पुरती कामं येऊ लागली. निवड होण्याआधी प्रस्तावांच्या छोट्या प्रतिकृती लोकांसमोर मांडल्या जातात, लोक मतं नोंदवतात, शेवटचा निर्णय जाणकारांच्या समितीच्या सल्ल्याने होतो. २००९ साली शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी तर चबुतऱ्यावर जिवंत माणसंच उभी केली: १०० दिवस, रात्रंदिवस, दर तासाला एक अशी २,४०० सामान्य माणसं. कुणी भाषण केलं, कुणी नुसतं उभं राहिलं. एका रिकाम्या दगडावर एवढं सगळं होऊ शकलं, कारण तिथे कायमचं काहीच बसवायचं नव्हतं.

आपला कायदा

भारतात सार्वजनिक रस्त्यावर कायमची शिल्पं उभारण्याची वाट जवळजवळ बंदच आहे. १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे किंवा इतर बांधकाम उभारायला परवानगी देऊ नये. पथदिवे, वाहतूक नियंत्रण अशा कामांना त्यातून वगळलं आहे. रस्ता चालण्यासाठी आहे, हे त्यामागचं तत्त्व. तात्पुरती कला आखतानाही ते डोळ्यांसमोर ठेवायलाच हवं. पाया खणून काही उभं करायचं नाही, चालण्याची रुंदी कमी करायची नाही आणि उचलून नेता येईल असंच बांधायचं. भिंतीवरचा रंग, कुंपणाला बांधलेली विणकामाची जाळी, रात्रीचा प्रकाशपट, उद्यानात किंवा मैदानाच्या कडेला ठेवलेलं सुटं शिल्प, हे सगळं या चौकटीत बसवता येतं.

बाकीचे नियम थोडक्यात. महापालिकेच्या हद्दीत रस्त्यावर काही उभारायचं तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे आयुक्तांची परवानगी लागते. विनापरवाना भिंत रंगवली तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा लागू होऊ शकतो, मग चित्र कितीही देखणं असो. मंडपांमुळे रस्ते अडू नयेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बजावलेलं आहे आणि तोच दंडक कलाकृतीलाही लावला जाईल, असं धरून चालावं. त्या जागी भाजीवाले, फुलवाले बसत असतील तर २०१४ च्या फेरीवाला कायद्याने त्यांना संरक्षण आहे. रविवार कारंजाजवळ किंवा भद्रकालीत वर्षानुवर्षं बसणाऱ्या मावशींना उठवून तिथे शिल्प ठेवणं मला तर कायद्याच्या आधी माणुसकीच्या दृष्टीनेच चुकीचं वाटतं.

मालकी हा नाशिकमधला खरा गुंता आहे. गावातले बहुतेक रस्ते महापालिकेचे, पण मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीतला. रस्त्याकडेच्या डीप्या महावितरणच्या. त्यांना त्यांच्या माणसाशिवाय हात लावणं जिवावर बेतू शकतं. सरकारवाडा हे राज्य संरक्षित स्मारक, म्हणजे तिथे पुरातत्त्व खात्याचा शब्द चालणार. घाट पूररेषेच्या आत, म्हणजे जलसंपदा खातंही आलं. एखाद्या तरुण चित्रकाराने या सगळ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या एकट्याने झिजवाव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे. गणेशोत्सवात मंडळांच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना असते. तीच खिडकी वर्षभर उघडी ठेवून तिच्यात एक अर्ज कलेचा घेतला तर निम्मं काम तिथेच होतं.

शाळेसमोरची गल्ली घेऊ

समजा गंगापूर रोडच्या बाजूला एका शाळेसमोरची गल्ली आहे. सकाळी रिक्षा, व्हॅन, आई-बाबांच्या दुचाकी, सगळ्यांची एकच घाई. तोंडावरचं वळण इतकं रुंद की गाड्या वेग न कमी करता आत घुसतात. इथे रंगाचा उपयोग करता येतो. वळणाच्या कोपऱ्यातला जो भाग गाडीला खरंतर लागत नाही, तो रंगवून आणि लवचिक खांब लावून चालणाऱ्यांना द्यायचा. वळण अरुंद झालं की गाडी आपोआप हळू होते. डांबरावरच्या अशा कामांचा अमेरिकेत अभ्यास झाला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात १७ ठिकाणांची आधीची आणि नंतरची आकडेवारी तपासली होती. पादचारी आणि सायकलस्वारांच्या अपघातांचा दर ५० टक्क्यांनी आणि एकूण अपघातांचा दर १७ टक्क्यांनी घटलेला दिसला. अहवाल याच कामांना पैसे देणाऱ्या ब्लूमबर्ग फिलँथ्रॉपीजने करून घेतला होता आणि ठिकाणं थोडी होती, म्हणून हे आकडे जसेच्या तसे नाशिकला लावू नयेत. पण आपल्या एका गल्लीत करून बघण्याइतका आधार त्यातून नक्की मिळतो. आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर गाड्यांचा वेग मोजायचा. काम शाळेच्या नववीच्या मुलांनाही करता येईल.

असं काम प्रत्यक्षात कसं होतं? शनिवारी रात्री वाहतूक शाखेच्या परवानगीने गल्ली बंद होते. आधी झाडू, मग पाण्याचा जोरदार फवारा. ऑइलचे डाग साबणाने घासून काढावे लागतात, कारण तेलावर रंग धरत नाही. डांबर पूर्ण सुकल्यावर दोघं जण दोन टोकांना बसून खडूची पूड लावलेलं सूत ताणतात आणि मध्ये चिमटीने उचलून सोडतात. सरळ रेघ उमटते. अशा रेघांचे चौकोन पाडून कागदावरचा आराखडा चौकोन चौकोनाने मोठा करत जमिनीवर उतरवतात. मग रोलरने रंग. शेवटच्या हातात बारीक वाळू मिसळायची, ही गोष्ट आपल्याकडे अजिबात विसरून चालणार नाही. गुळगुळीत रंगावर पावसाचे चार थेंब पडले की दुचाकी घसरते, आणि नाशिक दुचाकींचं शहर आहे.

झेब्रा पट्टे, थांबरेषा, पिवळ्या-पांढऱ्या दुभाजक रेघा यांना रंग शिवता कामा नये. त्यांचे आकार आणि रंग रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या संकेतांत ठरलेले आहेत आणि चालकाला त्या क्षणार्धात ओळखता आल्या पाहिजेत. अंध व्यक्तींसाठी पदपथावर बसवलेल्या पिवळ्या उंचवट्याच्या फरश्यांचंही तेच. त्या पिवळ्या का आहेत, हे अगदी थोडं दिसणाऱ्या माणसाला विचारा.

जागा निवडताना गर्दीचा विचार नाशिकने तरी सगळ्यात आधी करायला हवा. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातल्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. येणाऱ्या सिंहस्थासाठी भिंती रंगवल्या जातील, जाव्यातही. २०१९ च्या प्रयागराज कुंभाआधी तिथे मोठ्या प्रमाणावर भिंतींवर चित्रं काढली गेली होती आणि ती लोकांना आवडली. पण पंचवटीतल्या, सराफ बाजारातल्या, रामकुंडाकडे उतरणाऱ्या वाटांवर जमिनीवर ठेवलेली एकही वस्तू नको. एवढंच काय, जिथे थांबून फोटो काढावासा वाटेल असं चित्रसुद्धा त्या वाटेवर नको, ते मोकळ्या मैदानाच्या कडेला हवं. दिशा दाखवणारं, लांबून ओळखू येणारं चित्र मात्र गर्दीत फार उपयोगी पडू शकतं. हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाटीवरचं वाचता आलं नाही तरी मोठ्या निळ्या मोराची भिंत लक्षात राहते.

पैसे, निवड आणि नाव

गेल्या काही वर्षांत स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने गावोगावच्या भिंती रंगल्या. त्यात काही छान कामं झाली, पण ती आपण ज्याबद्दल बोलतोय ती योजना नव्हे. सुशोभीकरणाचं काम बहुधा चौरस फुटाच्या दराने ठेकेदाराकडे जातं. त्यामुळे एका गावातली भिंत दुसऱ्या गावातल्या भिंतीसारखीच दिसते: तोच सूर्योदय, तेच झाड, तीच वारली नर्तकांची साखळी. वारलींचं चित्र हे मुळात लग्नघराच्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने, त्या लग्नापुरतं काढलेलं असतं. पेठ, सुरगाण्याकडे वारली आहेत, चितारणारे हात आहेत. त्यांना बोलावून, त्यांच्या नावासकट आणि मोबदल्यासकट काम देणं वेगळं आणि ठेकेदाराच्या पेंटरकडून स्टेन्सिलने साखळी मारून घेणं वेगळं.

तेव्हा सगळ्यात कमी दराची निविदा इथे कामाची नाही. बजेट आधी जाहीर करावं, आराखडे त्या बजेटच्या आत मागवावेत आणि निवड आराखड्यावर व्हावी. समितीत एक चित्रकार, एक रस्ते अभियंता, वाहतूक शाखेचा एक अधिकारी आणि त्या प्रभागातली दोन माणसं असावीत. नाशिक कलानिकेतनसारखी चित्रकला शिकवणारी संस्था गावात आहे. तिथल्या शिक्षकांना बोलावता येईल. निवडलेल्या आराखड्यांच्या प्रतिकृती आठवडाभर कालिदास कलामंदिरात किंवा विभागीय कार्यालयात ठेवाव्यात, म्हणजे हरकत असेल ती रंग लागायच्या आधी येते.

खर्चाचे कप्पे सुटे ठेवावेत, हा माझा आग्रह आहे. कलाकाराचं मानधन वेगळं, साहित्य वेगळं, परांची आणि मजुरी वेगळी, देखभाल वेगळी, उतरवणं वेगळं. सगळं एका रकमेत टाकलं की पहिला हात कलाकाराच्या मानधनाला लागतो आणि शेवटी उतरवायला काही उरत नाही. विद्यार्थ्यांकडून फुकट काम करून घेण्याची आपली सवय तर मला फार खुपते. "अनुभव मिळेल" म्हणून बोलावलेल्या मुलीला उन्हात परांचीवर उभं करायचं असेल तर तिला मानधन, विमा आणि कंबरेचा पट्टा द्यायलाच हवा. उलट कंपन्यांकडून पैसे घ्यायला हरकत नाही. सातपूर-अंबडचे कारखाने गणपतीचे देखावे उभारतातच. पायथ्याच्या छोट्या पाटीवर त्यांचं नाव असावं, पण चित्रात त्यांचं उत्पादन येऊ नये.

फोटोंचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. त्यातला कळीचा शब्द "कायमस्वरूपी". ११ महिन्यांच्या शिल्पाला ती सवलत आपोआप मिळेल असं धरता येत नाही आणि भिंतीवरचं चित्र तर त्या सवलतीच्या व्याख्येतच येत नाही. लोकांनी मोबाइलवर फोटो काढावेत यासाठीच तर काम केलेलं असतं. तेव्हा करारात लिहावं: नागरिकांना आणि महापालिकेला फोटो वापरायला परवानगी, धंद्यासाठी वापरायचे असतील तर कलाकाराला विचारावं आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव द्यावं.

आता उतरवणं. काम मंजूर होतानाच उतरवण्याच्या खर्चाएवढी अनामत वेगळी ठेवावी. मुदतीत जागा साफ झाली तर ती भागीदार संस्थेला परत मिळावी. प्लायवूड, लोखंडी चौकटी, दोर असं साहित्य पुन्हा वापरायला कुठे जाईल ते आराखड्यातच लिहून घ्यावं. मध्येच चित्र खराब झालं, कुणी काही खरडलं, खिळा वर आला, तर भागीदार संस्थेने किती दिवसांत दुरुस्त करायचं आणि धोका असेल तर महापालिकेने ते त्याच दिवशी हलवायचं, हेही आधीच ठरलेलं असावं. मुदत कुणालाही वाढवून मिळू नये, काम कितीही लोकप्रिय झालं तरी. पुढचा कलाकार रांगेत असतो.

आणि नाशिकचं वेळापत्रक पावसावर बेतावं लागेल. गोदेचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं यावर इथे पूर मोजला जातो. म्हणून घाटावरच्या प्रत्येक कामाचा करार ३१ मे रोजी संपायला हवा आणि पूररेषेच्या आत मान्सूनभर काहीही उभं नको. डांबरावरचा रंग नोव्हेंबरमध्ये लावला तर तो कोरड्या हवेत पक्का होतो; पुढच्या ऑक्टोबरपर्यंत अकरा महिने भरतात आणि दिवाळीआधी गल्ली मोकळी मिळते. अर्ज ऑगस्टमध्ये मागवावेत, निवड सप्टेंबरअखेर व्हावी. पहिल्या वर्षी तीन जागा पुरेत: एक भिंत, एक शाळेची गल्ली आणि एक मैदानाची कड.